वन्संची गुणसूत्रं

वन्सं, परवा तुमच्या प्रयोगशाळेतली माणसं पुण्याहून भेटायला आली होती. ओसरीवर सतरंजी घातली, चहा केला. त्यातले एक वयस्क सर डोळे पुसत म्हणाले, "विमलताई म्हणजे अगदी मऊ स्वभावाच्या. कुणाला कधी दुखवलं नाही." तुम्ही आणि मऊ! माझ्या साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या वडलांना "मुलीला गणितात किती मार्क होते?" असं विचारणाऱ्या तुम्ही. माणूस गेलं की लोक त्याला घासूनपुसून लख्ख करतात, तसं तुमचं चाललंय. मला ते सोसत नाही. मला तुम्ही होतात तशाच हव्या आहात, तिरसट, चष्म्यावरून बघणाऱ्या, आपल्या कात्रीला कुणाला हात लावू न देणाऱ्या. म्हणून लिहायला बसले. समोर असतात तर म्हणाला असतात, "शालन, पाल्हाळ नको." आता मात्र ऐकून घ्या.

मी राजगुरुनगरहून तुमच्या भावाशी लग्न होऊन भोसरीत आले, तेव्हा आपलं रान कारखान्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिथं तुम्ही लहानपणी हरभरा खुडलात तिथं आता लेथ फिरत होते. रान गेलं त्याच उन्हाळ्यात मामंजींनी तुम्हाला पुण्याच्या कॉलेजात घातलं, ही गोष्ट तुम्हीच मला हसत सांगितली होतीत. भावकी म्हणाली, पोरीला एवढं शिकवून काय करणार? मामंजी म्हणाले, "रानच ऱ्हायलं न्हाई, आता तिला खुरपायला कुटं धाडू? शिकंना का." इतक्या साध्या कारणानं कुणी प्राणिशास्त्र शिकलं नसेल. आणि शिकलात ते असं की रोज बसनं पुण्याला जायचं, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं, आणि लग्नाचा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरून उठायचं. आत्याबाई, म्हणजे तुमची आई आणि माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "आमची अक्का माकडांची सोयरीक जमवती."

आपलं जमलं ते रविवारच्या दुपारी. मी बालवाडीत शिकवत होते, त्यामुळे फुलं-भाज्या कापून तक्त्यावर चिकटवायची सवय होती. एकदा माझा भाज्यांचा तक्ता उलटसुलट करून बघितलात आणि म्हणालात, "कडा बरी धरतेस. ये इकडे." तुमच्या तोंडून 'बरी' ऐकून मी दिवसभर घरात मिरवले होते.

मागच्या खोलीत सतरंजी, पंखा बंद, खिडकी बंद, दोघींच्या अंगाला घामाच्या धारा. पुढ्यात कधी माणसाच्या, कधी वानराच्या एका पेशीचा मोठा करून आणलेला फोटो. त्यात गुणसूत्रं वाटेल तशी पसरलेली, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्यांसारखी. एकेक कापून काढायचं, उंचीनं लावायचं, मग पट्ट्या बघून जोडीला जोडी लावायची, एक आईकडचं, एक बापाकडचं. प्रत्येकाला कुठंतरी एक आवळलेली जागा असते, तिला तुम्ही कंबर म्हणायचात. पहिल्यांदा मला वाटलं, माझी चेष्टा करताय. एवढं मोठं शास्त्र, आणि ते कात्री नि डिंकावर चालतं? तुम्ही म्हणालात, "जगभर असंच चालतं. फरक इतकाच की त्यांच्याकडे डिंक चांगला असतो."

डिंकावरून आठवलं. एकदा डिंक संपला म्हणून मी मोठ्या हौसेनं गव्हाच्या पिठाची खळ करून दिली. तक्ता सुकायला फळीवर ठेवला आणि सकाळी बघतो तर झुरळांनी ओरांगउटानची निम्मी गुणसूत्रं खाऊन टाकलेली. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "बरं झालं, येक माकड तरी कमी झालं." तुम्ही इतक्या संतापलात की आमच्या दोघींशीही बोलला नाहीत, आणि तशाच उठून पिंपरीला रशीदभाईंकडे गेलात.

रशीदभाईही येऊन गेले परवा. त्यांचा स्टुडिओ लग्नाच्या आणि कंपनीच्या ओळखपत्राच्या फोटोंचा. तुम्ही पहिली निगेटिव्ह नेलीत तेव्हा ती दिव्यापुढे धरून ते म्हणाले होते, "ताई, नाकतोड्याच्या तंगड्या एवढ्या मोठ्या कशाला करताय?" तुम्ही त्यांना तिथंच उभ्या उभ्या सगळं शिकवलंत. पुढं पुढं ते गिऱ्हाइकाला दटावायचे, "ते ओले फोटो सोडून उभं ऱ्हा राव, चिंपांझीचं खानदान हाय त्ये."

तुमच्या सरांचे परदेशातले कुणी स्नेही चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशींच्या निगेटिव्ह पाठवायचे. माणसाची गुणसूत्रं शेहेचाळीस आणि या कपींची अठ्ठेचाळीस, हे मला तुमच्यामुळे कळलं. मी भाबडेपणानं विचारलं, आपली दोन कुठं पडली? त्यावर तुम्ही मला तो तक्ता दाखवलात. माणसाचं आणि चिंपांझीचं एकाशेजारी एक लावलेलं होतं. बहुतेक सगळं पट्टीला पट्टी जुळत होतं. काहींमध्ये मधलाच तुकडा फिरून उलटा बसलेला, लुगड्याला काठ उलटा लागावा तसा, सूत तेच, रंग तोच. आणि आपलं जे दोन नंबरचं लांब गुणसूत्र, त्याच्या बाजूला तुम्ही चिंपांझीची दोन आखूड गुणसूत्रं टोकाला टोक लावून ठेवलीत. वरपासून खालपर्यंत पट्ट्या लागल्या. "पडलं काहीच नाही," तुम्ही म्हणालात. "दोन होती, ती जुळून एक झाली. फार फार पूर्वी, कुणातरी एकाच्यात." माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही म्हणालात, "कोपर काढ, सावली पडतेय."

हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याच घरात माझं दुसरंही चाललं होतं. तिसऱ्यांदा माझ्या पोटातलं राहिलं नव्हतं. आत्याबाई वाईट नव्हत्या, हे मी तेव्हाही म्हणायचे. प्रत्येक खेपेला त्यांनी मला न्हाऊमाखू घातलं, अळिवाचे लाडू केले, नवस बोलल्या. मग त्या थकल्या. चाकणच्या बाजाराहून आल्या की त्यांच्या लांबच्या नात्यातल्या एका मुलीचं नाव निघू लागलं. "कामाची हाय, गरीब हाय. शालनला कोन जा म्हनतंय? ऱ्हाऊ दे की दोगी." तुम्ही त्यांना कायदा सांगायला गेलात. त्या म्हणाल्या, "कायदा नातू दील का?" आणि तुमचे बंधू! तो विषय निघाला की त्यांना कंपनीत हमखास ओव्हरटाइम लागायचा. मी सैपाकघरात भाकऱ्या थापत ऐकायची. माहेरी परत जाणं म्हणजे काय हे मला माहीत होतं, आमच्या आळीत तशी एक होती. दोघींतली एक होऊन इथं राहणं म्हणजे काय, तेही दिसत होतं.

अशात तुम्हाला कपींशी ताडून बघायला माणसाचा आणखी एक नमुना हवा झाला. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं रक्त आधीच घेऊन झालं होतं. तुम्ही माझा हात उताणा करून बघितलात. "शीर चांगली आहे तुझी." एवढंच कारण. मला पुण्याला नेलंत, सुई टोचलीत आणि येताना भेळ खाऊ घातलीत. धडधाकट माणूस म्हणून माझी निवड झाली याचं मला कोण अप्रूप. घरात त्या दिवसांत मला धडधाकट म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग तो रविवार. कापून झालं, तुम्ही मोजलंत, पंचेचाळीस भरली. पुन्हा मोजलंत. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघितलंत. "शालन, एक पाडलंस." मी शपथ घेतली. सतरंजी झटकली, पदर झटकला, केरसुणीनं कोपरे काढले, केर सुपात घेऊन निवडला. आत्याबाईंनी विचारलं, "काय सांडलं गं?" मी म्हणाले, "एक गुणसूत्र." "केवडं?" "घेवड्याच्या बीएवढं." त्याही बिचाऱ्या गुडघ्यावर बसून फडताळाखाली बघायला लागल्या. आपण तिघी जमिनीवर रांगत होतो, वन्सं, आणि शोधत होतो ते माझ्यातच जुळून बसलेलं होतं.

तुमचा पहिला संशय माझ्यावर, दुसरा रशीदभाईंवर. फोटोच्या कडेला एक कापलं गेलं असणार म्हणून तुम्ही तडक त्यांच्याकडे गेलात. ते दुखावले. "ताई, एवढी लग्नं काढली, कदी कुना नवऱ्याचं डोकं कापलं न्हाई. तुमचं कसं कापीन?" त्यांनी दुसऱ्या पेशींचे फोटो काढून दिले. तुम्ही ते एकटीनं कापलेत, मला बोलावलं नाहीत. तेव्हाच मला काहीतरी उमगायला हवं होतं. प्रत्येक फोटोत पंचेचाळीसच. दोन जोड्यांमध्ये एकेक एकटं राहिलेलं आणि एक अनोळखी लांब गुणसूत्र जास्तीचं.

तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत आणि तक्ता पुढ्यात ठेवलात. "ही तुझी. दोन वेगळ्या जोड्यांतलं एकेक घेऊन एक झालंय. तुझ्यात कमी काही नाही, म्हणून तू ठणठणीत आहेस. पण मुलाला देताना वाटणी कधीकधी चुकते. चुकली की ते राहत नाही."

"कधीकधी म्हणजे?"

"म्हणजे नेहमी नाही."

"म्हणजे मला मूल होईल?"

"होऊ शकेल. होईलच असं मी म्हणणार नाही."

किती वाट बघितली मी, तुम्ही 'होईल' म्हणाल म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. मग मी विचारलं, "म्हणजे ते चिंपांझीचं दोनाचं एक झालं, तेच माझ्यात झालंय का?" निदान तेवढं तरी हो म्हणायचं होतं, वन्सं. तुम्ही म्हणालात, "तेच नाही. गुणसूत्रं वेगळी. ती टोकाशी जुळली, तुझी कंबरेशी जुळलीत. पण जुळणं तसलंच." मी रडत म्हणाले, "म्हणजे दोष माझ्यातच आहे." तुम्ही एकदम चिडलात. "दोष म्हणू नकोस. जुळणी म्हण. अशीच एक जुळणी कुणाच्यातरी पोटी झाली, म्हणून तू नि मी आज शेहेचाळीसवाले म्हणवतो." मग तुमच्या लक्षात आलं, आणि खाली बघून म्हणालात, "मी शेहेचाळीसवाली. तू नाहीस." तेव्हा रडता रडता मला हसू आलं होतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही भावाचं रक्त घेतलंत, कंपनीच्या तपासणीचं काहीतरी निमित्त सांगून. त्यांचं सगळं जागच्या जागी, जोडीला जोडी. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. जे होतं ते माझ्याकडचं होतं. आणि मला एकाच गोष्टीची धास्ती बसली. हे आत्याबाईंना कळलं की चाकणची मुलगी आणायला आता शास्त्राचाही आधार मिळाला.

मी तुमचे पाय धरायची बाकी राहिले. "त्यांनी विचारलं तर सांगा ना, कुणातच काही सापडलं नाही म्हणून." तुम्ही मान हलवलीत. "त्यांनी विचारलं नाही तर मी काही बोलणार नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"एवढंसं तर खोटं."

"एक तुकडा मी दुसऱ्याच्या जागी चिकटवला, तर बाकीच्या तुकड्यांवर कुणी का विश्वास ठेवावा? आणि आईशी मी आजवर खोटं बोललेले नाही."

मी काय काय बोलले ते तुम्हालाही आठवत असेल. तुम्हाला संसार नाही, तुम्हाला काय कळणार, इथपर्यंत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आपण एका घरात राहून बोललो नाही. रविवारी तुमची कात्री मागच्या खोलीत एकटीच वाजायची. मी बालवाडीतून परत येताना चौकापासूनच बघायची, ओट्यावर परक्या चपला दिसतात का. चपला नसल्या की श्वास सोडायची आणि मग सैपाकाला लागायची.

बोलणं सुरू केलंत तेही तुमच्याच पद्धतीनं. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही समोर येऊन बसलात, निम्मे तांदूळ आपल्या पुढ्यात ओढलेत आणि म्हणालात, "त्या पहिल्या जुळणीचं मला एक कोडं आहे. ज्याच्यात ती झाली, तो एकटाच तसा. बाकी सगळे अठ्ठेचाळीसवाले. मग पुढं कसं चाललं असेल?" मला तुमचं कोडं नको होतं. तरी मी विचारलं, "तो कशावरून? ती असेल."

तुम्ही वर बघितलंत. "असेल."

"मग तिची किती वाया गेली असतील?"

तुम्ही एक खडा वेगळा काढलात. "त्याचा पुरावा मागे राहत नाही," म्हणालात. "जी जगली त्यांचाच राहतो." मी म्हणाले, "पुरावा नसला म्हणून काय झालं? ती बसली असेलच ना कुठंतरी झाडाखाली, गेलेलं पोर मांडीवर घेऊन. तुमच्या पुस्तकात तिच्याबद्दल एक ओळ तरी आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाही. आणि तू म्हणतेस ते मला सुचलंही नव्हतं." मग आपलं लागलंच. तुम्ही म्हणायचात की शास्त्रात हळहळ आणली की डोळा चुकतो. मी म्हणायची की हळहळ नसलेला डोळा आधीच अर्धा चुकलेला असतो. हा वाद आपण कितीदा घातला, मीठ कमी पडल्यावरून सुरू व्हायचा आणि तिथंच येऊन पोचायचा. आता तो माझ्याकडेच पडून राहिला. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघते, पण तुमच्या बाजूनं मला नीट भांडता येत नाही.

आणि मग चाकणचं नाव घरातून गेलंच. कधी गेलं ते नेमकं सांगता यायचं नाही. आत्याबाई बाजारातून आल्या, भाजी ओतली आणि त्या मुलीबद्दल बोलल्या नाहीत. पुढच्या बाजारीही नाही. उलट मला म्हणाल्या, "हंडा मी आनते, तू बस." मी घाबरले, वाटलं, आता सगळं ठरलं, म्हणून दया दाखवतायत. पण कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. एकदा सवाष्णीला बोलावलं तेव्हा कुण्या बाईनं माझ्याकडे बघून काही कुजबुज केली, तर आत्याबाई तिच्यावर अशा उखडल्या की ती हळदकुंकू न घेता निघून गेली. मला वाटलं, ह्यांनी शेवटी तोंड उघडलं असणार आणि आईला नाही म्हणून सांगितलं असणार. तेव्हापासून मी तुमच्या भावाला ओव्हरटाइमचे सगळे गुन्हे माफ करून टाकले. ह्यांना विचारलं नाही. विचारून कौतुक कमी झालं असतं.

पुढं मनीषा झाली. तुम्ही दवाखान्यात आलात, तिला हातात घेतलंत आणि पहिल्यांदा तिच्या हातापायाची बोटं मोजलीत. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, नात हाय ती, तुजा फोटो न्हवं." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही चष्म्याला नावं ठेवत होतात. पोरगी दोन वर्षांची झाली तेव्हा तुम्ही म्हणालात की तिचंही एकदा बघून घेऊ. मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, माहिती असलेली बरी, पुढं तिलाही सोसावं लागू नये. मी म्हणाले, माझ्या लेकीला मोजू नका. यावर तुम्ही गप्प बसलात खऱ्या, पण तिची शीर बघायचं सोडलं नाहीत, दरवेळी ती मांडीवर आली की तुमचा अंगठा तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला जायचाच. आता ती सहा वर्षांची आहे. तुमचं बरोबर होतं असं मला अलीकडे वाटायला लागलं होतं. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुमची जिरवायला जरा थांबले होते.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही अंथरुणातच होतात. काविळीनं डोळे पिवळे झाले होते, तरी डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणं चालूच होतं. त्या दुपारी मी तुमच्याजवळ होते. तुम्ही काही सांगायला म्हणून तोंड उघडलंत, मी वाकले. तुम्ही पाणी मागितलंत. मला वाटतं, खरोखर तेवढंच हवं होतं तुम्हाला, आणि मी त्यात आणखी काही शोधणार नाही.

तेरावा झाला. भावकी जेवून गेली, ह्यांनी पातेली मांडववाल्याकडे परत पोचवायला नेली. मी अंगण झाडत होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लेक गेल्यापासून त्या एकदम लहान दिसायला लागल्यात. मला म्हणाल्या, "शालन, ठिव ती केरसुनी. बस हितं."

मी बसले. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

"तुला येक सांगायचं ऱ्हायलंय. अक्का हुती तवर जिबंवर आलं न्हाई. म्या तवा चाकनची पोरगी बगितली व्हती. पार सुपारीला निगाले व्हते. तर अक्का आडवी आली. मला आत नेऊन म्हनली, आई, म्या दोगांचं रगात तपासलंय. शालनमदी काय न्हाई. जे हाय ते आपल्या पोरात हाय, आपल्या रगताचं हाय. तू दुसरी आन, तिसरी आन, त्यांचीबी पोटं अशीच जानार. त्या गरिबाच्या पोरीचं वाटोळं करू नगंस."

अंगणात कावळे उष्ट्यावर भांडत होते तेवढं ऐकू येत होतं.

"म्या कुनाला बोलले न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "त्यालाबी न्हाई. बाप्याला आसलं सांगू नये, मोडून पडतो. पर मला कळत हुतं. आमच्या रगताचं तू सोसलंस, आन् म्या तुलाच टोचून बोलले. तू येक शबूद काडला न्हाईस. मला माफी कर, पोरी."

म्हणजे ह्यांनी नाही. तुम्ही. तांदूळ निवडायला माझ्यासमोर बसलात, पहिल्या जुळणीचं कोडं घातलंत, वाद घातलात, माझ्या पोरीची बोटं मोजलीत, आणि एका अक्षरानं मला कळू दिलं नाहीत. तुम्ही, ज्यांनी मला 'होईल' म्हणायचं नाकारलं. ज्यांनी मला 'तेच' म्हणायचंही नाकारलं. तुम्हाला मी सांगितलं होतं एवढंसं खोटं बोला, तर तुम्ही जाऊन एवढं मोठं बोललात, आणि तेही आपल्या सख्ख्या भावाच्या माथी, आपल्या आईच्या पदरात टाकून. एवढं करून मला भांडायला, पाया पडायला, गळ्यात पडायला मागे ठेवलंत ते फक्त तुमचं रिकामं अंथरूण.

मला ते सहन होईना. समोर ही म्हातारी बाई, लेक गेलेली, जे तिचं नव्हतंच ते इतकी वर्षं उरावर वागवून आता माझीच माफी मागतेय. आता कसली भीती उरली होती मला? मनीषा आतमध्ये झोपलेली होती. मी म्हणाले, "आत्याबाई, तसं नाही हो. खरं म्हणजे ते–"

"काय ते मला समजत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमचं त्ये शास्तर. माकडाचं काय सांगायची, मानसाचं काय सांगायची, मला काय बी पटायचं न्हाई. म्या इश्वास ठिवला त्यो शास्तरावर न्हाई, माज्या अक्कावर ठिवला. लई हट्टी, लई तोंडाळ, लगीन केलं न्हाई, माजं काय बी ऐकलं न्हाई. पर जल्मात येकदा बी माज्याशी खोटं बोलली न्हाई. येवढंच ऱ्हायलंय बग माज्याकडं तिचं."

आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "वन्संनी मलाही तेच सांगितलं होतं."